वाचकांचे प्रश्न: त्या ड्रॉपडाउनमधलं नेमकं काय निवडू?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की वर्षातनं एकदा तरी राऊटरच्या सेटिंग पेजवर जाऊन या आणि काय काय चालू आहे ते बघा. बरेच जण खरंच जाऊन आले आणि जवळपास सगळे एकाच जागी अडकले, वायरलेस सिक्युरिटीच्या ड्रॉपडाउनवर. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यावरच. प्रश्न थोडे कापलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, तुमचं वाचून हिंमत केली आणि पेज उघडलं. सिक्युरिटी मोडमध्ये ही एवढी यादी आली: नन, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए टीकेआयपी, डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिक्स्ड, डब्ल्यूपीए-२ एईएस, डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३, डब्ल्यूपीए-३ एसएई. माझं पहिल्या मिक्स्डवर होतं. काही बिघडेल या भीतीने तसंच बंद करून टाकलं. काय निवडायला हवं होतं?

घाईत असाल तर आधी उत्तर घ्या: घरातली सगळी उपकरणं जोडली जात असतील तर डब्ल्यूपीए-३, नसतील तर डब्ल्यूपीए-२ एईएस. तुमचं जे पहिलं मिक्स्ड आहे ते मात्र आजच काढा.

आता का ते सांगते. ही यादी वरून खाली वाचली तर ती वायफायची जन्मकुंडलीच आहे. "नन" म्हणजे काहीच नाही, सगळं उघडं. त्याखालचं डब्ल्यूईपी, ज्याला सगळे वेप म्हणतात, ते १९९७ च्या मूळ वायफाय स्टँडर्डमधलं. पूर्ण नाव वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी, म्हणजे वायरइतकंच खाजगी, आणि हे नाव वाचून मला दरवेळी हसू येतं कारण चार वर्षांतच, २००१ साली, फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी त्याच्या आतल्या आरसी-४ सायफरचा (सायफर म्हणजे मजकूर गुप्त करायची पद्धत) वापरच कसा चुकीचा केलाय ते कागदावर मांडून दाखवलं. दोष समजायला सोपा आहे. प्रत्येक पॅकेटसाठी, म्हणजे हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, किल्ली थोडी वेगळी व्हावी म्हणून पासवर्डच्या पुढे २४ बिटांचा एक आकडा जोडायचे, आणि तो आकडा पॅकेटसोबत उघडाच पाठवायचे. २४ बिट म्हणजे साधारण १ कोटी ६८ लाख आकडे. ऐकायला भरपूर वाटतात, पण ते रँडम निवडले तर जेमतेम ५ हजार पॅकेटमध्येच एखादा आकडा परत येण्याची शक्यता निम्मी होते, आणि एक व्हिडिओ बघताना ५ हजार पॅकेट कधी गेले ते कळतही नाही. तोच आकडा परत म्हणजे तीच किल्ली परत, आणि तिथून मजकूर गळायला लागतो. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी वेप फोडणं इतकं सोपं करून दाखवलं की ४० हजार पॅकेट हातात असले तर १०४ बिटांची किल्ली निम्म्या वेळा सापडते आणि ८५ हजार असले तर १०० पैकी ९५ वेळा, सगळं एका मिनिटाच्या आत. त्यामुळे वेपला पासवर्ड कितीही मोठा ठेवा, फरक शून्य.

मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, टीकेआयपीवालं. हे ठिगळ होतं आणि बनवणाऱ्यांनाही ते माहीत होतं. लोकांच्या घरातले जुने राऊटर फेकायला लागू नयेत, नुसत्या फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटने काम भागावं म्हणून आत तेच आरसी-४ ठेवलं आणि भोवती किल्ली ढवळण्याची जास्त हुशार पद्धत बसवली. २००८ मध्ये त्यालाही पहिली भेग गेली.

खरं काम २००४ मध्ये झालं. डब्ल्यूपीए-२, आत एईएस, म्हणजे बँका आणि सरकारं वापरतात तेच सायफर, १२८ बिटांची किल्ली. २००६ पासून वायफायचा अधिकृत शिक्का हवा असेल तर ते सक्तीचं झालं. आणि आजपर्यंत, इतकी वर्षं लोक त्याच्यावर डोकं आपटतायत, एईएस स्वतः कोणी फोडलेलं नाही. जे फुटतं ते त्याच्या आजूबाजूचं, त्यावर खाली बरंच येणार आहे. शेवटचं डब्ल्यूपीए-३, २०१८ चं.

तुमच्या मिक्स्ड मोडचा घोळ असा की त्यात जुन्या उपकरणांसाठी टीकेआयपी चालू राहतं, आणि सगळ्यांना एकदम जे पॅकेट जातात, ब्रॉडकास्टचे, ते तर बहुतेक वेळा सगळ्यांनाच टीकेआयपीतून जातात, तुमचा नवाकोरा फोन असला तरी. म्हणजे घरात एखादं २००३ चं उपकरण असेल या शक्यतेपोटी सगळं घर २००३ मध्ये. बिघडायचं म्हणाल तर मोड बदलल्यावर फार तर दोनचार वस्तूंना पासवर्ड परत टाकावा लागेल किंवा एखादी जुनी वस्तू जोडली जाणार नाही, बाकी काही होत नाही.

प्रश्न: माझ्या आयफोनवर घरच्या वायफायच्या नावाखाली "वीक सिक्युरिटी" असं बारीक अक्षरात येतं. पासवर्ड तर चांगला आहे. आणि वेगळा प्रश्न, राऊटरच्या खोक्यावर ३०० लिहिलंय पण मला कधी २५ च्या वर स्पीड मिळाला नाही, अगदी राऊटरच्या शेजारी बसूनसुद्धा. माझा प्लॅन १०० चा आहे.

वेगळा प्रश्न नाहीये तो, एकच आहे :)

फोनची ती सूचना पासवर्डबद्दल बोलतच नाही, ती मोडबद्दल बोलते. तुमचा राऊटर वेप किंवा टीकेआयपीवर चालतोय. आणि वायफायच्या ८०२.११एन पासूनच्या स्टँडर्डमध्ये नियम आहे की वेप किंवा टीकेआयपी वापरलं तर नवे वेग मिळणार नाहीत, उपकरण जुन्या ५४ मेगाबिटवर खाली येतं. ५४ हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी नशीब, आणि तुमचे २५ तिथे बरोबर बसतात. मोड डब्ल्यूपीए-२ एईएस करा, सेव्ह करा, फोनवर ते नेटवर्क "फर्गेट" करून पुन्हा जोडा. सूचना जाईल आणि स्पीडही सुधारायला हवा. मला विचाराल तर लोकांना सिक्युरिटीसाठी सेटिंग बदलायला सांगून काही उपयोग होत नाही, स्पीड वाढेल म्हटलं की पाच मिनिटांत करतात.

प्रश्न: तुम्ही लोक नेहमी डब्ल्यूपीए-२ चांगलं म्हणता. पण ते २०१७ लाच हॅक झालं ना? मग खोटा दिलासा कशाला देता?

टोमणा मान्य, पण उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठाच्या माथी वानहूफ यांनी क्रॅक नावाचा हल्ला जाहीर केला. तुमचा फोन राऊटरला जोडला जातो तेव्हा दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड दोघांकडे आधीच असतो, तो हवेतून जात नाही, फक्त दोघं आपापले रँडम आकडे एकमेकांना देतात आणि त्यातून त्या वेळेपुरती किल्ली बनवतात. तिसऱ्या निरोपात राऊटर म्हणतो, चला, किल्ली बसवा. चौथ्यात फोन म्हणतो, बसवली. आता हा चौथा निरोप मध्येच कोणी अडवला तर राऊटरला वाटतं याला ऐकू गेलं नसेल, म्हणून तो तिसरा परत पाठवतो, आणि फोन बिचारा आज्ञाधारकपणे तीच किल्ली परत बसवतो आणि पॅकेटचा काउंटर परत सुरुवातीपासून मोजायला लागतो. काउंटर मागे गेला की मजकूर झाकायला सायफरने आधी वापरलेली आकड्यांची मालिका पुन्हा वापरली जाते आणि तिथून माहिती गळायला लागते. काही अँड्रॉइड आणि लिनक्स उपकरणांत तर त्याहून वाईट होतं, किल्लीच्या जागी सगळी शून्यं बसायची.

मोठी भानगड होती, नाही कुठे म्हणते. पण बघा, यात एईएस फुटलं नाही, पासवर्डही बाहेर आला नाही, हल्लेखोराला तुमच्या वायफायच्या रेंजमध्ये यायला लागायचं, आणि दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेटने झाली. फोन, लॅपटॉप यांना अपडेट मिळालेत त्यांच्यापुरता तो विषय संपला. ज्यांना अपडेट कधीच मिळालं नाही, म्हणजे कपाटातला जुना टॅब्लेट, बंद पडलेल्या कंपनीचा कॅमेरा, त्यांच्यापुरता तो अजून उघडा आहे. त्यावेळी बऱ्याच जणांनी घाबरून वायफायचा पासवर्ड बदलला, त्याने या हल्ल्याला काडीचाही फरक पडत नव्हता.

आणि डब्ल्यूपीए-३ ला तरी कुठे सोडलंय. २०१९ च्या एप्रिलमध्ये याच वानहूफ यांनी एयाल रोनेन यांच्यासोबत ड्रॅगनब्लड काढलं, डब्ल्यूपीए-३ च्या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीतल्या चुका, त्याही अपडेटने बुजवल्या. २०२१ मध्ये फ्रॅगअटॅक्स, त्यातल्या काही चुका तर थेट १९९७ च्या मूळ रचनेतल्या निघाल्या, म्हणजे वेपपासून डब्ल्यूपीए-३ पर्यंत सगळ्यांत होत्या. त्यामुळे राऊटर घेताना मी आधी कंपनी फर्मवेअर अपडेट किती वर्षं देते ते बघते, अँटेना किती आहेत ते नंतर.

प्रश्न: नमस्कार ताई, मी घरून काम करते. माझा राऊटर डब्ल्यूपीए-२ एईएसवर आहे, बघितलं. पासवर्ड म्हणून घरच्यांना लक्षात राहावा म्हणून माझाच मोबाईल नंबर ठेवलाय. दहा आकडे आहेत, म्हणजे स्ट्राँगच ना?

या महिन्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे, आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही.

डब्ल्यूपीए-२ वर खरा हल्ला कसा होतो बघा. बाहेर कोणीतरी लॅपटॉप घेऊन बसलंय. तो तुमच्या फोनला राऊटरच्या नावाने एक खोटा निरोप पाठवतो, "तुझं कनेक्शन तोडतोय". डब्ल्यूपीए-२ मध्ये असे निरोप बऱ्याचदा सह्याशिक्क्याविनाच येतात, फोन विश्वास ठेवतो, सेकंदभर सुटतो आणि लगेच स्वतःहून परत जोडला जातो. तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असाल तर आवाज जरासा तुटेल, बस. पण जोडला जाताना ते चार निरोप पुन्हा झाले, ते त्याने टिपले, आणि लॅपटॉप मिटून तो घरी गेला. काही राऊटरच्या बाबतीत तर फोन सोडवायचीही गरज नाही, राऊटर स्वतःच पहिल्या निरोपात पुरेसा धागा देतो, ही युक्ती २०१८ मध्ये बाहेर आली.

आता घरी बसून तो एकेक पासवर्ड घेतो, त्यातून किल्ली बनवतो, टिपलेल्या निरोपांशी जुळते का बघतो. नाही जुळली, पुढचा. तुमच्या राऊटरला याचा पत्ताच नाही, तीन चुकीचे झाले की लॉक वगैरे काही नाही, कारण राऊटर या खेळात नाहीच. डब्ल्यूपीए-२ ने एक अडथळा ठेवलाय, प्रत्येक अंदाज ४०९६ वेळा घुसळावा लागतो आणि त्यात वायफायचं नावही मिसळलेलं असतं, पण तरी गेमिंगचं एखादं बरं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज करतं. आपण ५ लाख धरू.

आठ आकडी पासवर्ड: एकूण १० कोटी शक्यता. ५ लाखाने भागा. २०० सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत.

तुमचा दहा आकडी: १ हजार कोटी. २० हजार सेकंद, साडेपाच तास. रात्री मशीन लावून झोपायचं, सकाळी उठायच्या आत पासवर्ड तयार. आणि मोबाईल नंबर कुठल्याही आकड्याने सुरू होत नाहीत, त्यामुळे खरं तर त्याहूनही कमी.

आता दुसरी बाजू बघा. ७७७६ साध्या शब्दांची यादी घ्या (पाच फासे टाकले की बरोबर इतक्या जोड्या होतात, म्हणून तो विचित्र आकडा) आणि फासे टाकून त्यातले चार शब्द काढा, स्वतः निवडायचे नाहीत, फाशांनीच. त्याच कार्डाला सगळे चार-चारचे गट संपवायला २३० वर्षं लागतील. एकाऐवजी शंभर कार्डं लावली तर सव्वादोन वर्षं, म्हणून मी पाच शब्द म्हणते, एका कार्डाला १८ लाख वर्षं. पाठही होतात, कारण पाच असंबद्ध शब्दांचं काहीतरी वेडगळ चित्र डोक्यात बसतं. पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो, जागा भरपूर आहे.

म्हणजे तुमचं एईएस उत्तम आहे आणि कोणी त्याला हात लावणारच नाही. तो नंबर तेवढा आज बदला. आणि राऊटरचं नाव कंपनीने दिलेलं तसंच असेल तर तेही बदला, नाव हिशेबात मिसळतं म्हटलं ना, तर नेहमीच्या नावांसाठी पासवर्डांवरून बनणाऱ्या किल्ल्यांचे आधीच करून ठेवलेले तक्ते मिळतात.

प्रश्न: मग डब्ल्यूपीए-३ मध्ये नेमकं काय वेगळं आहे? नुसता नंबर वाढवून नवे राऊटर खपवायचा प्रकार वाटतो.

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण वरचं उत्तर वाचलंत ना, टिपून घरी नेऊन अंदाज करायचा तो खेळ डब्ल्यूपीए-३ ने बंद केला, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी ते घ्यावं. त्यात पासवर्ड तपासायची पद्धत एसएई नावाची आहे. हवेतलं संभाषण टिपलं तरी त्यावरून घरी बसून काही जुळवता येत नाही, प्रत्येक अंदाजासाठी परत तुमच्या राऊटरशी थेट बोलावं लागतं, एका वेळी एक. सेकंदाला ५ लाखांवरून एकदम ते मोजक्या अंदाजांवर येतं.

दुसरं, उद्या तुमचा पासवर्ड कोणाला कळला तरी त्याने आधी साठवून ठेवलेली तुमची जुनी रहदारी उघडत नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस ते चार निरोप टिपून घरातल्या दुसऱ्याचं पॅकेट उलगडू शकतो. भाड्याने राहणाऱ्या चौघांनी एक वायफाय वाटून घेतलंय तिथे याचा अर्थ काय होतो ते तुमचं तुम्ही बघा.

तिसरं, ते "कनेक्शन तोडतोय"वाले खोटे निरोप. त्यांना सहीशिक्का लावायची सोय २००९ पासून होती, डब्ल्यूपीए-३ मध्ये ती सक्तीची झाली.

प्रश्न: डब्ल्यूपीए-३ केलं आणि प्रिंटर गेला. दोन तास घालवले. परत डब्ल्यूपीए-२ वर आलो. आता काय?

माझंही हेच झालेलं. मोठ्या उत्साहाने डब्ल्यूपीए-३ केलं, फोन जोडला, लॅपटॉप जोडला, स्वतःवर खूश होऊन चहा करायला गेले आणि परत आले तर प्रिंटरचा निळा दिवा नुसता लुकलुकतोय. मी काय केलं असेल? पासवर्ड चुकला असेल म्हणून त्या तीन बटणांच्या प्रिंटरवर, वर-वर-वर दाबत एकेक अक्षर शोधत, अख्खा पासवर्ड चार वेळा टाकला. चार वेळा! प्रिंटरला डब्ल्यूपीए-३ ही भाषाच येत नव्हती आणि स्क्रीनवर मात्र तो "पासवर्ड चुकीचा" म्हणत होता. असे एरर मेसेज लिहिणाऱ्यांना एकदा तो पासवर्ड त्याच बटणांवर टाकायला लावला पाहिजे.

साधारण हिशेब असा: अँड्रॉइड १० आणि पुढचे फोन ज्यांचं हार्डवेअर साथ देतं, आयफोन ७ आणि पुढचे आयओएस १३ सह, विंडोज १० ची २०१९ च्या मेमधली आवृत्ती आणि पुढच्या, यांना डब्ल्यूपीए-३ येतं. जुने प्रिंटर, स्मार्ट बल्ब, कॅमेरे, स्वस्तातले प्लग यांना बहुतेक वेळा येत नाही.

दोन वाटा आहेत. एक, ट्रान्झिशन मोड, म्हणजे यादीतलं डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३. ज्याला जे येतं ते तो वापरतो. सोयीचं आहे, पण पासवर्ड दोघांचा एकच असतो, त्यामुळे तुमच्या प्रिंटरचे डब्ल्यूपीए-२ वाले चार निरोप टिपून कोणी पासवर्ड काढला तर तोच पासवर्ड डब्ल्यूपीए-३ चाही आहे. शिवाय ड्रॅगनब्लडवाल्यांनी दाखवलं की त्याच नावाचं खोटं डब्ल्यूपीए-२ नेटवर्क उभं करून नव्या फोनलाही जुन्या पद्धतीने बोलायला लावता येतं. म्हणून ट्रान्झिशन मोडमध्ये पासवर्ड डब्ल्यूपीए-२ च्याच हिशेबाने ठेवायचा, पाच शब्दांचा.

दुसरी वाट, जी मी धरली: मुख्य नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए-३ आणि गेस्ट नेटवर्क (त्याच राऊटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) डब्ल्यूपीए-२ एईएसवर, पासवर्ड वेगळा (हे विसरू नका, एकच ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात), आणि प्रिंटर, बल्ब, टीव्ही सगळी मंडळी गेस्टमध्ये. फायदा म्हणजे उद्या एखादा बल्ब बिघडला, म्हणजे कोणाच्या ताब्यात गेला, तरी तो तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. तोटा, गेस्टमधल्या प्रिंटरला लॅपटॉपवरून थेट प्रिंट देता येत नाही, त्यासाठी मी तेवढ्यापुरता लॅपटॉप गेस्टवर नेते. कटकट आहे. महिन्यातनं दोनदा प्रिंट काढणाऱ्याला परवडते, रोज काढणाऱ्याने ट्रान्झिशन मोड घ्यावा आणि पासवर्ड तगडा ठेवावा.

प्रश्न: राऊटरवरच्या डब्ल्यूपीएस बटणाचं काय? पासवर्ड टाकायची झंझट नाही, मस्त वाटतं.

बटण दाबल्यावर दोन मिनिटांची खिडकी उघडते, ते एक वेळ ठीक आहे. त्याच्यासोबत येणारा आठ आकडी पिन हा खरा घात. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता वाटतात, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरूनच निघतो, आणि राऊटर पहिले चार बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगून टाकतो. मग आधी १० हजार, नंतरच्या तिघांसाठी १ हजार, एकूण ११ हजार प्रयत्न. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर साडेनऊ तासांच्या आत दार उघडतं आणि तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड राऊटर स्वतःच हातात देतो. श्टेफान फीबॉक यांनी हे २०११ च्या डिसेंबरमध्येच दाखवलंय. नंतरच्या राऊटरमध्ये काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पिन लॉक होतो, पण तुमच्यात होतो का ते शोधत बसण्यापेक्षा डब्ल्यूपीएस बंद करणं सोपं. बटणावर चिकटपट्टी लावून बंद होत नाही, सेटिंगमधून करा.

प्रश्न: मी नेटवर्कचं नाव लपवलंय आणि फक्त माझ्याच उपकरणांचे मॅक ॲड्रेस (उपकरणांचे ओळख क्रमांक) चालतील असं केलंय. आता एन्क्रिप्शन जुनं असलं तरी चालेल ना?

नाही. मॅक ॲड्रेस प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर उघडा जातो, तो बघून स्वतःला लावून घ्यायला मिनिटही लागत नाही. आणि नाव लपवलंत म्हणून तुमचा फोनच जाईल तिथे "अमुक नेटवर्क, आहेस का इथे?" असं विचारत फिरतो, म्हणजे लपवायचं ते घरात लपलं आणि गावभर ओरडलं गेलं. दोन्ही काढा, त्रास वाचेल.

प्रश्न: डब्ल्यूपीए-३ लावलं की इंटरनेट कंपनीला आणि वेबसाइटला मी काय बघतो ते दिसणार नाही, बरोबर?

चूक. हे सगळं एन्क्रिप्शन तुमच्या फोनपासून राऊटरपर्यंतच्या हवेतल्या त्या काही मीटरपुरतं. राऊटरवर ते उलगडतं आणि पुढे तारेने जातं. पुढच्या प्रवासाची काळजी एचटीटीपीएस, म्हणजे तुमचा ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यातलं वेगळं एन्क्रिप्शन, घेतं, म्हणजे पानावर तुम्ही काय वाचलं, काय टाईप केलं ते कंपनीला दिसत नाही, पण कुठल्या साइटवर गेलात ते साधारण कळतं. उलटंही लक्षात ठेवा, एचटीटीपीएस आहे म्हणून वायफाय उघडं ठेवलं तर चालेल असंही नाही, कारण तुमच्या नेटवर्कमध्ये शिरलेला माणूस तुमच्या राऊटरच्या ॲडमिन पेजपर्यंत पोचतो, आणि त्या पेजचा पासवर्ड अजून कंपनीचाच असेल तर... तो बदललात ना? वायफायचा वेगळा आणि हा वेगळा.

प्रश्न: नवा राऊटर घ्यायचाय, खोक्यावर वायफाय ६, वायफाय ६ई, वायफाय ७ लिहिलेलं असतं. हे डब्ल्यूपीएचे नंबर आहेत का?

नाही, हे वेगाच्या पिढीचे नंबर, डब्ल्यूपीए हे सुरक्षेचे, दोन्हीत आकडे घालून लोकांना गोंधळवायची काय हौस होती कोण जाणे. नातं एवढंच की जुलै २०२० नंतर अधिकृत वायफाय शिक्का मिळवणाऱ्या उपकरणाला डब्ल्यूपीए-३ यावंच लागतं. आणि ६ई पासून जो ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टा आलाय तिथे डब्ल्यूपीए-२ चालतच नाही. म्हणजे शिक्का बघून घेतलात तर डब्ल्यूपीए-३ आपोआप आलं, फक्त घरी आणल्यावर ते चालू आहे का बघा, बऱ्याचदा राऊटर ट्रान्झिशन मोडवर किंवा नुसत्या डब्ल्यूपीए-२ वर येतो.

प्रश्न: पाच शब्दांचा पासवर्ड केला. पण विसरेन. कागदावर लिहून ठेवला तर तुम्ही रागवाल का?

अजिबात नाही, लिहा. बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला तुमच्या घरातला कागद दिसत नाही, आणि जो घरात येऊन कागद वाचू शकतो तो राऊटरचं रिसेट बटणही दाबू शकतो. फक्त व्हिडिओ कॉलमध्ये तुमच्या मागे जी भिंत दिसते तिच्यावर लावू नका. माझा राऊटरच्या पोटालाच चिकटवलाय, कंपनीचा जुना स्टिकर खरवडून काढून.